पाखऱ्याची बारी

सोमवारी सकाळी माझा अंगठा चालला नाही. बाटल्या धुण्याच्या खात्यात गोजाबाईच्या पाठीमागे उभा होतो. डाव्या हातात फळी, फळीवर कागद, उजव्या हातात स्टॉपवॉच. तिनं बाटली उचलली की दाबायचं, धुऊन पालथी घातली की दाबायचं, आकडा लिहायचा आणि तिसऱ्यांदा दाबून काटा शून्यावर आणायचा. दिवसातून तीनचारशे वेळा मी हे करतो. तीन वर्षं करतोय. गोजाबाईनं बाटली उचलली, ब्रश घातला, फिरवला, खंगाळली, पालथी घातली, आणि माझा अंगठा घड्याळाच्या डोक्यावर नुसता पडून राहिला. तिनं दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग मागं न बघताच म्हणाली, "काय साहेब, आज मोकळं सोडलं का मला?" पलीकडची विमलबाई म्हणाली, "अगं, घड्याळाला किल्ली द्यायची राहिली असंल. न्हाईतर साहेबांना." दोघी हसल्या. मीही हसायला हवं होतं. मी अंगठ्याकडं बघत होतो. माझाच अंगठा, नखाखाली निळ्या शाईचा डाग असलेला, आणि मला त्याची भीती वाटत होती.

कंपनीत माझं काम काय, हे मी बार्शीला भावाला पत्रात कधी नीट लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नाही. माणसाच्या हाताला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि वर द्यायचं. वरचे लोक त्यातला थोडा वेळ काढून घेतात आणि उरलेल्याला नियम म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून गोजाबाईनं त्या नियमात बाटली धुवायची. कधी कधी काढून घ्यायचं काम मलाच करावं लागतं. तसं कुणी स्पष्ट सांगत नाही. "ज्योतीराम, हा आकडा जरा बघा," म्हणतात. बघा म्हणजे उतरवा. मी बघतो. सातच्या जागी साडेसहा लिहितो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बाहेर जाऊन दोन पेले पाणी प्यालो. आता तहानही लागत नाही. खात्यात शिरलो की बायांची बोलणी थांबतात, माणसांचे हात मुद्दाम संथ होतात. तीन वर्षांत चहाला कुणी बोलावलं नाही. का बोलावतील? मी त्यांच्या जागी असतो तर चहात थुंकून दिला असता. पिंपरीत रेल्वे लाइनीच्या अलीकडे माझी पत्र्याची खोली. खाणावळीत जेवायचं, खोलीवर येऊन पडायचं. आई गेल्यावर भावाची पत्रं आटली. काही आठवडे असे जायचे की शनिवारपासून सोमवारपर्यंत मी एक शब्द बोललेला नसायचा, आणि सोमवारी पहिला शब्द तोंडातून घोगरा यायचा.

म्हणून मी रविवारी चांदभाईच्या सावलीला जाऊन बसायचो. चांदभाई नालबंद. चिंचवडच्या रस्त्याला लिंबाखाली त्याचं दुकान, म्हणजे एक ऐरण, एक पेटी आणि चार दोरखंडं. हातोडीचा आवाज चालू असतो, त्यामुळं बोलावं लागत नाही आणि न बोलणारा माणूस विचित्र दिसत नाही. बैलाच्या पायांना दोर घालून त्याला आडवा पाडायचा, खुरांना पत्र्या ठोकायच्या, उठवायचा, पुढचा घ्यायचा. माघातल्या एका रविवारी एक वाळका, उंच माणूस तांबूस बैल घेऊन आला आणि चांदभाईनं दोर उचलल्याबरोबर मध्ये उभा राहिला.

"पाडायचा न्हाई ह्याला."

"अरे चिमाजी, मग काय उभ्या उभ्या ठोकू? बैल आहे का जावई?"

"जावई असता तर पाडला असता."

तो खाली बसला, बैलाचा पुढचा पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला आणि बैलाशी काहीबाही बोलत राहिला. चांदभाई शिव्या देत ठोकत होता. एवढं जनावर तीन पायांवर उभं, चौथा पाय एका माणसाच्या मांडीवर, आणि हलत नव्हतं. एक खिळा ठोकताना हातोडी निसटली आणि चिमाजीच्या गुडघ्यावर बसली. त्यानं ओठ आवळले, पाय मात्र सोडला नाही. चारही पाय होईपर्यंत त्याचं धोतर रक्तानं चिकटलं होतं. मी आयुष्यात तेवढा वेळ कुणाकडं बघितलं नव्हतं, घड्याळ हातात नसताना.

चांदभाईनंच माझी ओळख करून दिली. "हे साहेब कंपनीत माणसांना घड्याळ लावतात." चिमाजीला गंमत वाटली नाही. त्यानं घड्याळ बघायला मागितलं. मी खिशातून काढलं, सुरू करून दाखवलं, थांबवून दाखवलं. सेकंदाचे पाच भाग करणारा तो काटा त्यानं श्वास धरून बघितला. मग सगळं सांगितलं. निघोज्याला चैत्रात जत्रा असते, घाटात बैलगाडे पळतात. गाड्यावर कुणी बसत नाही, खाली निशाण पडलं की जोडी सोडायची आणि तिनं आपल्या मनानं चढ चढून वर यायचं. कोण पहिला हे पंच डोळ्यानं ठरवतात. पंचांच्या डोळ्यांना सोयरे असतात, भावकी असते. सात वर्षं चिमाजीची जोडी दुसरी येत होती. गेल्या साली निकालावरून दोघांची डोकी फुटली, तेव्हापासून तो पंचांच्या मागं लागला होता की घड्याळ आणा. घड्याळाला सोयरा नसतो. पंच कबूल झाले, पण घड्याळ धरणारा माणूस कुठला आणायचा?

"तुमचं हिकडं कोण हाय?" त्यानं मला विचारलं.

"म्हणजे?"

"पावनं, सोयरं, भावकी. निघोजं, माण, थेरगाव, ह्या अंगाला कुटं लेक दिलेली, सून आणलेली?"

"कुणी नाही."

"कुनीच न्हाई?"

"नाही."

त्याचा चेहरा फुलला. "मग तुमीच," तो म्हणाला. "चांदभाई, मानूस गावला."

मला कुणी हवंसं म्हटलं होतं, आणि त्याचं कारण हे होतं. घरी येऊन आरशात बघितलं. ज्याचं जगात कुणी नाही असा माणूस कसा दिसतो ते बघावं म्हणून. दाढी वाढलेली दिसली, दुसरं काही दिसलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सायकल काढून मोशीचा पूल ओलांडायचा आणि निघोजं गाठायचं. माझं काम जत्रेच्या दिवसापुरतं होतं, कुणी बोलावलं नव्हतं, तरी जायचो. सकाळी घाटात बायाबापये वाकून खडे वेचत असायचे. जिथं बैल पळणार तो सगळा चढ हातानं, बोटांनी साफ करत होते. बैलाच्या खुरात खडा जाऊ नये म्हणून. त्यातल्या निम्म्यांकडं बैल नव्हता. मी विचारलं, तुम्हाला काय मिळतं? एक म्हातारा माझ्याकडं असा बघत राहिला, जसं मी विचारलं की तुम्ही श्वास का घेता. बक्षीस काय, तर एक पागोटं आणि नारळ. कंपनीत माणूस बोट हलवतो तर त्याला ते हलवणं टाळावंसं वाटतं, आणि ते बरोबरच आहे, मीही टाळलं असतं. इथं हे लोक उन्हात वाकून खडे वेचत होते आणि भांडत होते की तुझ्या वाट्यात दोन राहिले. मला राग आला. कुणाचा ते कळेना. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं की माणसं असंही काम करतात.

चिमाजी बैलाला इंद्रायणीत पोहवायचा. दम वाढतो म्हणायचा. स्वतः कासरा धरून बरोबर पोहायचा आणि बाहेर आल्यावर दोघांच्याही बरगड्या सारख्याच वरखाली व्हायच्या. बैलाचं नाव पाखऱ्या. जोडीला दुसरा तरणा बैल होता, पण गाडा ओढायचा तो पाखऱ्यानंच. त्याला दूध, अंडी, बाजरीचे उंडे. चिमाजी स्वतः भाकरी आणि ठेचा. त्याची बायको सुभद्राबाई म्हणायची, "पुढल्या जन्मी बैल व्हईन, म्हंजे ह्यो मानूस माजं पाय चेपंल." चिमाजी म्हणायचा, "पळशील का पर?" मी घाटात सराव मोजायचो. चौदा. तेरा आणि वर चार. तेरा आणि वर दोन, म्हणजे दोन पंचमांश. चिमाजीला अक्षर येत नव्हतं, पण एकही आकडा विसरायचा नाही. मी सांगितलेला आकडा तो बैलाच्या कानात जाऊन सांगायचा. "तेरा आन वर दोन, राजा." एकदा म्हणाला, "औंदा शेवटचं. त्याचं वय झालं. पुढच्या सालाला दम पुरायचा न्हाई. पर जत्रंचं पळनं निराळं, साहेब. हलगी वाजली की त्याच्या अंगात दुसराच बैल येतो. सात सालं मी नुस्तं बघत आलोय. एकदा कळू द्या मला, ह्यो खरा किती पळतो." मी म्हणालो, कळेल. किती सहज म्हणालो.

जत्रेच्या दिवशी मला घाटाच्या वरच्या टोकाला उलट्या घातलेल्या गाड्यावर बसवलं. शेजारी पंचांचे मुख्य उद्धवराव, अंगानं आडवे, गळ्यात सोन्याची साखळी. "पावनं कुनापैकी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बार्शीकडचा. "गाव न्हाई इचारलं." "मला कळलं काय विचारलं ते," मी म्हणालो. ते हसले, पण पुढं माझ्या तांब्यातून पाणी प्याले नाहीत. ऊन डोक्यात शिरत होतं. हलग्या, भंडारा, धूळ, हजारो माणसं दोन्ही काठांवर. जोड्या सुटत होत्या. निशाण पडलं की दाब, रेषा ओलांडली की दाब, आकडा मोठ्यानं सांग, लिही, शून्यावर आण. अठरा जोड्या झाल्या. उद्धवरावांच्या पुतण्याची जोडी सर्वांत पुढं होती, बारा आणि तीन. नियम एकच होता, देवापुढं बैल एकदाच पळतो. चुकलं तर चुकलं, बारी पुन्हा नाही. जनावराला एका उन्हात दोनदा झोकायचं नाही, हे त्या गावानं कधीतरी ठरवलेलं, आणि मला ते आवडलं होतं.

एकोणिसावी जोडी लिहीत होतो आणि खाली चिमाजी दिसला. पाखऱ्याला जुंपून झालं होतं. चिमाजीनं डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याच्या शेवानं बैलाच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या, नाकपुड्या पुसल्या, आणि आपलं कपाळ त्याच्या कपाळाला लावून उभा राहिला. एवढ्या गर्दीत. आजूबाजूला माणसं ओरडत होती आणि ते दोघं बंद खोलीत असल्यासारखे. मला कुणी कधी असं धरलं होतं का, आईनं तरी, हे मी आठवत होतो. निशाण पडलं. मी दाबलं.

पाखऱ्या पळाला ते मी सांगू शकतो. सुरुवातीला तो पळतच नव्हता, नुसता लांबत होता, जसं कुणी तांबडं कापड ओढून लांब करावं. मग धूळ मागं पडली आणि तो तिच्यातून सुटा झाला. पाय दिसेनात. मान खाली, शेपटी सरळ, आणि मागून चिमाजी उघड्या डोक्यानं पळत येत होता. पोहोचणार नाही हे माहीत असून पळत होता. रिकामा गाडा मागं उडत होता. गर्दीचा आवाज मला ऐकू येईनासा झाला. माझ्या छातीत खूर वाजत होते. रेषा आली आणि मी दाबलं आणि खाली बघितलं.

काटा पळत होता.

एकोणिसाव्या जोडीनंतर मी काटा शून्यावर आणायचं विसरलो होतो. निशाण पडल्यावर दाबलं तेव्हा तो शून्यावर आला. रेषेवर दाबलं तेव्हा सुरू झाला. बारी संपली होती आणि काटा आत्ता कुठं निघाला होता, निवांत, आपल्या चालीनं. असली चूक मी पहिल्या आठवड्यात केली होती, त्यानंतर कधी नाही. मी तळहातानं घड्याळ झाकलं.

"किती?" उद्धवराव म्हणाले.

मला वाटतं माणूस खोटं बोलायच्या आधी थोडं थांबतो, असं लोक समजतात. मी थांबलो नाही. तीन वर्षांची सवय. आकडा तोंडात तयार होता, पाहिजे तेवढा, पाहिजे तसा. "बारा आणि दोन," मी ओरडलो. पुतण्यापेक्षा एक ठिपका कमी. जास्त कमी केला असता तर संशय आला असता, एवढाही विचार झाला होता. लाज वाटते ती ह्याची.

मग मला माणसांनी उचललं. मला, घड्याळवाल्याला. भंडारा तोंडात गेला, डोळ्यांत गेला. कुणीतरी खांद्यावर हात टाकला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. चिमाजीच्या डोक्याला पागोटं बांधलं. दुपारी त्याच्या ओसरीवर जेवायला बसलो तर सुभद्राबाईनं वाढताना विचारलं, "भावजी, अजून येक पोळी?" भावजी. मी पोळी घेतली. भूक नसताना चार घेतल्या, तिनं पुन्हा म्हणावं म्हणून.

जेवणं झाल्यावर चिमाजी गोठ्यात पाखऱ्याचे पाय चोळत बसला होता. मी जाऊन उभा राहिलो. नवं पागोटं खुंटीवर होतं.

"बारा आन दोन?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"हो."

"मधल्या उंचवट्यावर डावा पाय घसरला त्याचा. मी मागं व्हतो, मी बघितला. घसरला, सावरला. तितं त्याचा अर्धा सेकंद तरी गेला असंल." तो चोळत राहिला. "बारा आन दोन बसत न्हाई. पर घड्याळ खोटं बोलत न्हाई. म्हून इचारतो."

मला तेव्हाही बोलता आलं असतं की घसरूनसुद्धा एवढा पळाला. त्यानं मानलं असतं. घड्याळावर त्याचा विश्वास त्याच्या डोळ्यांपेक्षा जास्त होता. मी म्हणालो, "काटा सुरूच झाला नव्हता."

त्याचे हात थांबले. मग त्यानं पाखऱ्याचा दुसरा पाय घेतला आणि तोही चोळून पुरा केला. उठला, खुंटीवरचं पागोटं घेतलं आणि देवळाकडं चालू लागला. मी मागोमाग गेलो. पारावर पंच बसले होते, अजून उजेड होता, माणसं रेवड्या खात होती. मला वाटलं, आता माझी चामडी सोलणार. मी तयार होतो. खरंच तयार होतो. चिमाजीनं पागोटं देवापुढं ठेवलं आणि म्हणाला, "आमची बारी धरू नका. जोडी निशानाच्या आदी सुटली. मीच सोडली."

क्षणभर कुणाला कळेना. मग कळलं. गाडेवाल्यानं निशाणाआधी जोडी सोडणं म्हणजे काय, ते मला तिथल्या तोंडांवर दिसलं. सकाळी खडे वेचणारा म्हातारा उठून निघून गेला. उद्धवराव म्हणाले, "सात सालं रडलास, आन आठव्या साली चोरी केलीस?" चिमाजी देवापुढच्या पागोट्याकडं बघत होता. "दोन सालं तुजा गाडा ह्या घाटात न्हाई," उद्धवराव म्हणाले. चिमाजीनं मान हलवली. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडायचं होतं आणि उघडलं नाही. कंपनीचा माणूस, परका, जमाव चिडलेला, सायकल लांब झाडाला टेकवलेली. हिशेब झाला होता मनात. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, मला वाचवलंय असं दाखवलंही नाही. मी सायकल घेतली आणि निघालो. पुलापर्यंत घड्याळ खिशात चालूच होतं, मांडीला टकटक लागत होतं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, अंगठा अडला; पुढचा आठवडा कसा काढला ते सांगत नाही. फळी धरली, आकडे लिहिले, बहुतेक अंदाजानं. गोजाबाईच्या कागदावर तिच्या हाताला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लिहिला आणि वर दिला. वरच्यानं म्हटलं, "जरा बघा." मी म्हटलं, "बघितलाय." एवढंच. त्याच्यात शौर्य नव्हतं, उशीर होता. रविवारी पुन्हा मोशीचा पूल ओलांडला. घरात सुभद्राबाई होती. "नदीवर हायती," म्हणाली आणि आत गेली. भावजी म्हणाली नाही. आता गावात तिच्याकडून कुणी ताक नेत नव्हतं, हे मला चांदभाईनं सांगितलं होतं.

चिमाजी इंद्रायणीच्या काठाला पाखऱ्याला धूत होता. पाण्याचे ओघळ बैलाच्या पोटावरून उतरत होते. मी म्हणालो, "मी पंचांना सांगतो. आत्ताच जातो. चूक माझी, आणि खोटंही मीच बोललो."

"मग काय व्हईल?"

"तुमचं पागोटं परत मिळेल. निदान चोर म्हणणार नाहीत."

"आन तुमाला हाणतील."

"हाणू देत."

तो पाण्यातून बाहेर आला, धोतर पिळलं. "जावा की मग. मी कशाला आडवू? मला चोर म्हनलेलं ग्वाड लागतंय का?" तो पहिल्यांदाच चिडून बोलत होता, आणि मला बरं वाटलं. "पर त्याच्यात आकडा कुटं हाय, साहेब? पागुटं ईल, नाव ईल. म्हनू नका मला नंबर नको व्हता. सात सालं डोळं लावून बसलो, मला पायजेच व्हता. पर त्याच्या आदी मला त्याचं पळनं किती ते पायजे व्हतं. आता त्यो पळायचा न्हाई. उजव्या खांद्यात धरतोय. हे बगा." त्यानं बैलाच्या खांद्यावर हात दाबला. पाखऱ्यानं कातडी थरथरवली आणि पाय उचलून धरला.

"तुमी वर व्हता," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "मी मागनं बघितला, धुळीतनं. तुमी समोरनं, सगळा बघितला. दिसभर ह्येच करता तुमी. इतक्या मानसांचं हात मोजलं. डोळ्याला अंदाज आसंलच की. खरं खरं सांगा, किती आसंल?"

माझ्या जिभेवर तीन आकडे आले. तेरा. बारा आणि चार. साडेबारा. तिन्ही खरे असू शकत होते. कुठलाही दिला असता तर त्यानं घेतला असता आणि बैलाच्या कानात सांगितला असता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. पण कासरा उचलला नाही, वळला नाही. अजून थोडा वेळ तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला, मला आठवून एखादा आकडा येतोय का म्हणून.